'करतोय' आणि 'झालं'

रोह्याच्या एका शिक्षणसंस्थेने काकांना फसवलं. गैरसमज झाला, घाईत राहून गेलं, असलं काही नाही. समजून उमजून, खुर्चीत बसवून, वर चहा पाजून फसवलं. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना लागायचं त्यांना लागेल.

काका माझे कोणी नातेवाईक नव्हेत. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी कंट्रोल रूममध्ये पॅनलसमोर काढली आणि निवृत्त झाल्यावर कुंडलिका नदीपलीकडे अष्टमीला दोन खोल्यांत राहिले. बुटके, टक्कल, शर्टाच्या खिशात तीन पेनं. दोन निळी, एक लाल. लाल पेन वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "वापरायची पाळी येऊ नये म्हणून ठेवायचा."

माझं पेणला एसटी स्टँडच्या मागे जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी मूळचा पेणजवळच्या जोह्याचा. घरात गणपतीचा कारखाना, भाऊ तिघे, आणि धाकट्याला रंग ढवळण्यापलीकडे काम नाही. म्हणून बाहेर पडलो. कोणी हात दिला नाही, तेव्हा कोणाचे उपकारही नाहीत. भाव करायला मात्र कारखान्यातच शिकलो.

नवी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या ऑफिसात बत्तीस मशीनं विकायला होती. विकणारा म्हणाला, ह्यांत हार्ड डिस्क नाही. मी तोंड वाकडं करून म्हणालो, "म्हणजे बिनडोक्याची माणसं विकताय," आणि भाव निम्म्यावर आणला. पंधरा दिवसांनी तीच मशीनं रोह्याच्या संस्थेला विकताना मी म्हणालो, "डिस्कच नाही, तर बिघडणार काय?" ही दोन्ही वाक्यं खरी होती, हे मला काका भेटल्यावर कळलं.

अशा मशीनला स्वतःचं काही आठवत नाही. बटण दाबलं की ते तारेवरून मुख्य मशीनला, म्हणजे सर्व्हरला विचारतं: मी कोण, आणि आता काय करू? सर्व्हर त्याला नाव देतो आणि कामांची एक यादी देतो. आधी हे जोड, मग ते सुरू कर, मग पडद्यावर ये. त्या यादीला स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणतात. मशीनं बत्तीस, यादी एकच. संध्याकाळी बंद केलं की सगळं विसरलं.

संस्थेच्या कॉम्प्युटर सेंटरात मी ती मांडली आणि एकही चालू होईना. अध्यक्षांनी मला तीन दिवस दिले. दुसऱ्या दिवशी तिथला शिपाई म्हणाला, "शेठ, पुलापल्याड एक म्हातारा हाय. कंपनीत असलीच बिनडिस्कची युनिक्सची मशीनं होती, ती तोच बघायचा. पण डोका लय खातो."

मी बाइक काढून अष्टमीला गेलो. काका दारात बसून वाल सोलत होते.

"काय झाला?"

"मशीनं चालू होत नाहीत."

"ते कळला. शेवटची ओळ कंची दिसली?"

मी कुठली ओळ बघितली होती! काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर जात होती आणि मी घाम पुसत होतो. काका म्हणाले, "बघून या." पूल ओलांडून गेलो, ओळ कागदावर उतरवली, परत आलो. काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"आणि हिच्या आधीची?"

माझा पारा चढला. "काका, मी पेणहून आलोय, तुमच्या शाळेत नाव घालायला नाही आलो!"

आतून काकूंचा आवाज आला, "कमीच झाल्या फेऱ्या. मला भाजीला चारदा पाठवतात."

"तू गप गो," काका म्हणाले, आणि मला शांतपणे सांगितलं, "शेवटची ओळ सांगते कुठं पडला. आधीची सांगते कशानं पडला. जा."

गेलो. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच मागे बसून आले. यादीतल्या दोन ओळी उलटसुलट झाल्या होत्या. लिहायची जागा जोडायच्या आधीच मशीन लिहायला बघत होतं आणि तिथेच अडून बसत होतं. दहा मिनिटांत बत्तीसच्या बत्तीस उठली. मी खिशात हात घातला तर काका म्हणाले, "पैसे राहू दे. एक रजिस्टर आणून दे." त्या दिवसापासून ते त्या सेंटरचे झाले. संस्था त्यांना महिन्याला जे देत होती ते सांगायची मला लाज वाटते. माझ्यासारख्याने त्या भावात पंखासुद्धा पुसून दिला नसता.

कंपनीत रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनं शिजवायची बंद टाकी, सुरू करताना एक पद्धत असते. व्हॉल्व्ह उघडण्याआधी माणूस मोठ्याने म्हणतो, "उघडतोय." उघडल्यावर म्हणतो, "उघडला." दुसरा ते लॉगबुकात लिहितो. चूक झाली तर खोडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. काकांनी ही पद्धत जशीच्या तशी कॉम्प्युटरला लावली. यादीतल्या प्रत्येक कामाच्या आधी मशीनने सर्व्हरवरच्या नोंदीत आणि पडद्यावर वेळ टाकून रोमन अक्षरांत लिहायचं, 'करतोय'. काम उरकलं की लिहायचं, 'झालं'. ज्या 'करतोय'पुढे 'झालं' नाही, तिथे घोडं अडलेलं.

आता, लिहायची जागा जोडली जाईपर्यंतच्या पहिल्या पाच-सहा ओळी कुठेच नोंदल्या जात नाहीत. मशीनजवळ स्वतःचा कागदच नाही. त्या ओळी काका रोज सकाळी पडद्यावरून वाचून हाताने रजिस्टरात उतरवत. मी म्हटलं, "मोबाइलवर शूटिंग करा की."

"शूटिंग मोबाइलच्या डोक्यात जाईल. माझ्या कसा जाईल?"

घरीही तसंच. काकू सांगायच्या, "गॅस पेटवला तरी 'पेटवतोय', पेटला की 'पेटला'. लग्नात हार घालताना भटजींसमोर पण पुटपुटले होते."

"मग? घातला होता ना नीट?" काका विचारायचे.

"घातलात. उलटा."

यादीत काही बदलायचं असेल तर काकांचे नियम ठरलेले होते. जुनी प्रत बाजूला ठेवायची. मग कॉम्प्युटरला सांगायचं, नुसतं वाच, करू नकोस. ही मशीनं ज्या युनिक्सवर चालतात त्याला तशी सोय आहे. ओळ लिहिण्यात खोट असेल तर ते जागेवर सांगतं. पण चुकीचं कामच सांगितलं असेल तर गप्प बसतं. "त्याला भाषा कळते, मनातला नाय कळत," काका म्हणायचे, "त्याला माणूसच लागतो." म्हणून तिसरा नियम: दुसऱ्या माणसाने सगळी यादी मोठ्याने वाचायची, आणि दोघांनी सही करायची.

दुसरा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी. पेणहून फेरी झाली की मला पकडायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कंस, टिंब, तिरकी रेघ, चौकोनी कंस, असं मी मंगलाष्टकं म्हटल्यासारखं वाचत जायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा मी मध्येच थांबलो.

"काय रे?"

"काही नाही. वरच्या ओळीत कंसानंतर जागा सोडलीय. इथे नाही."

काका उठले, पडद्याला नाक लावलं, आणि माझ्या पाठीवर असा गुद्दा घातला की मी टेबलाला धरलं. "अरे, अर्धा दिवस गेला असता!" त्या दिवशी त्यांनी मला पुलाजवळच्या टपरीवर दोन वडे खायला घातले, स्वतः एक खाल्ला आणि टपरीवाल्याला सांगितलं, "ह्याला दिसतं." माझ्या धंद्यात माझी बरीच स्तुती झालेली आहे; बहुतेक उधारी मागणाऱ्यांनी केलेली. ही एक तशी नव्हती.

एवढा काटेकोरपणा कशापायी, हे त्यांनी एकदाच सांगितलं. कंपनीत एका शिफ्टला कोणीतरी लॉगबुकातली ओळ ब्लेडने खरवडली आणि वर नवी लिहिली. पुढच्या शिफ्टच्या माणसाने त्यावर विश्वास ठेवून झाकण उघडलं. "दोन बोटं गेली त्याची. ज्यानं खरवडला तो वाईट नव्हता रे. भ्याला होता." एवढं बोलून ते वाल सोलायला लागले.

जोहे त्यांनी पाहिलं नव्हतं. मी खूप दिवस म्हणत होतो, चला. सेंटरात परीक्षा मंडळाची कॉम्प्युटरची परीक्षा व्हायची होती. तिच्या आदल्या दिवशी शिकवणी नव्हती, मशीनं नुसती तपासून ठेवायची होती. काकांनी सकाळी ती तपासली, चालू ठेवली, रजिस्टरात लिहिलं 'आज दुपारी मी पेणला जातो, कोणी बदल करू नये', आणि एसटीने पेणला आले. मी त्यांना बाइकवर बसवून कारखान्यात नेलं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, रबरी साच्यातून मूर्ती काढत होता. चाळीसेक बिनरंगाचे गणपती ओळीने सुकायला ठेवले होते. काका एकेकाच्या मागे जाऊन वाकून बघायला लागले.

"ह्याच्या डाव्या कानामागं खळगा हाय."

"असेल," दादा म्हणाला.

"ह्याच्यापण हाय. ह्याच्यापण."

"साच्यातच हाय तो, काका. रंगात बुजतो."

"कधीपासनं?"

"कोणाला ठावं!"

"लिवला नाय कुठं?"

दादा हसला. "काका, गणपती हाय हा, मशीन नाय."

काकांनी त्या खळग्यावरून अंगठा फिरवला, मूर्तीला हात जोडले आणि म्हणाले, "तुझा दोष नाय, बाबा." मग माझ्याकडे वळून एखादं गुपित सांगावं तसं सांगितलं, "तुमचा आणि माझा धंदा एकच हाय रे. एक साचा, आणि सगळी त्यातून निघतात."

आम्ही तिथे दादाने आणलेली भजी खात होतो, तेव्हा रोह्यात संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या एकोणीस नंबरच्या मशीनवर बसला होता. तिशीतला माणूस, संस्थेचा 'आयटी प्रमुख'. मशीन सुरू होताना ते 'करतोय', 'झालं' पडद्यावर दिसतं, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, असं त्याला वाटलं. त्याने काकांच्या कपाटातून पासवर्डचं पाकीट काढलं, यादीतल्या त्या ओळी उडवल्या आणि तिथे संस्थेच्या इमारतीचा फोटो दाखवायचं काम घातलं. एकोणीस नंबरवर बसून बदललं, म्हणजे एकोणीस नंबरपुरतं बदललं, अशी त्याची समजूत. आवडलं तर उद्या बाकीच्यांना लावू. मशीनं चालूच होती, त्यांनी यादी सकाळीच वाचलेली, त्यामुळे काही झालं नाही. त्याने सगळी बंद केली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेणहून पोहोचलो तेव्हा बत्तीस पडदे काळे होते. फोटो ज्या जागेत ठेवला होता ती जागा जोडायच्या आधीच मशीन फोटो मागत होतं आणि मिळेपर्यंत थांबून राहत होतं. बाहेर व्हरांड्यात मुलं-मुली प्रवेशपत्रं घेऊन उभी. वाड्यांवरच्या मुली पहिल्या एसटीने आल्या होत्या. काकांनी वीस मिनिटांत जुनी प्रत परत लावली, पण परीक्षक वेळेवर बोट ठेवून बसलेला. सकाळची तुकडी रद्द. त्यांना पुढच्या महिन्यात पेणला जाऊन परीक्षा द्यावी लागली. दोघी-तिघी गेल्याच नाहीत.

काका बाहेर गेले आणि एकेका मुलीसमोर उभं राहून म्हणाले, "चूक आमची हाय. तुमची नाय." मी म्हटलं, कशाला तुम्ही? तर म्हणाले, "कोणीतरी सांगाया नको?"

पुतण्या पांढराफटक पडला होता. "काका, मी फक्त एकोणीसला केलं होतं."

"एकोणीस असा काय नाय रे बाबा. सगळी तीच हाय." मग रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. "लिव."

"काय लिहू?"

"केलंस ते. किती वाजता, कुठनं, कशापायी. तुला कोण खाणार नाय."

त्याने चार ओळी लिहिल्या आणि सही केली. खाली काकांनी लिहिलं, 'जुनी प्रत लावली. समजावून सांगितलं.' त्यांची सही, खाली साक्षीदार म्हणून माझी. पुतण्याने काकांना वाकून नमस्कार केला. मी स्वतः पाहिलंय.

आठ दिवसांनी अध्यक्षांनी काकांना बोलावलं. मीही गेलो. चहा आला. पालकांच्या तक्रारी आल्यात, परीक्षा मंडळाने खुलासा मागितलाय, आणि पुतण्याला कार्यकारिणीवर घ्यायचं ठरलंय, असं अध्यक्षांनी गोड आवाजात सांगितलं. मग म्हणाले, "काका, तुम्ही एवढंच लिहून द्या, की बदल तुमच्या हातून झाला. तुमच्या वयाला कोण काय बोलणार? तुम्हाला काही आम्ही काढत नाही."

काकांनी कप खाली ठेवला. "कंच्या तारखेला लिवू?"

"त्याच तारखेला. रजिस्टरात जागा असेलच."

"त्या दिवशी मी जोह्याला होतो. हे घेऊन गेले होते."

"ते आम्ही बघून घेऊ."

"जोह्याला असताना रोह्यात सही कशी करू, साहेब?"

मी तोंड उघडलं आणि मग ते मिटलं नाही. काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मागून काका आले आणि म्हणाले, "गाडी काढ." रजिस्टर चौकशीसाठी म्हणून अध्यक्षांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'तांत्रिक सहायकाच्या हलगर्जीपणामुळे परीक्षेत व्यत्यय आला. संबंधितास कमी करण्यात आले आहे.'

त्यानंतर आठवड्याभरात रोह्याच्या बाजारात एकाने काकांना गाठलं. "काय काका, पोरांची परीक्षा बुडवलीत म्हणे!" काका भाजीची पिशवी घेऊन पूल ओलांडून घरी आले. पुन्हा त्यांनी पूल ओलांडलेला नाही. औषध आणायचं तरी काकू जातात.

मी भाव करणारा माणूस. मी अध्यक्षांकडे एकटा गेलो. म्हटलं, देखभालीचा माझा करार अजून तीन वर्षं आहे. तो मी सोडतो, तुम्हाला हवा तो माणूस आणा. बदल्यात सूचना काढा आणि रजिस्टर द्या. त्यांनी हातात हात दिला. सूचना निघाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रजिस्टर माझ्या दुकानात आलं. मी ते उघडूनही पाहिलं नाही. सौदा जिंकल्याच्या धुंदीत थेट अष्टमी गाठली.

काकांनी पुठ्ठ्यावरची धूळ हाताने पुसली. मला तेव्हा कळलं की रजिस्टर हातात आल्याच्या पहिल्याच दिवशी ते बसून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा घालतात, कंपनीची सवय. ते पानं उलटत गेले. एकशे बारा. पुढचं पान एकशे पंधरा.

शिवणीत कागदाची एक पट्टी उरली होती. पुतण्याने लिहून सही केलेलं पान तेवढंच गेलं होतं. काकूही येऊन उभ्या राहिल्या. मी शिव्या द्यायला सुरुवात केली तर काकांनी नुसता हात वर केला.

"भ्याला असंल," ते म्हणाले.

मग खिशातलं निळं पेन काढून त्यांनी एकशे पंधराव्या पानावर लिहिलं: 'रजिस्टर पान ११३-११४ फाडलेल्या स्थितीत मिळालं.' तारीख, सही. रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "सही कर." मी सहीच्या पुढे आणखी एक शब्द लिहायला गेलो, तर त्यांनी पेन धरलं. "राग लिवायचा नाय. दिसला तेवढाच लिवायचा."

काका आता अष्टमीतच असतात. इमारतीचा पाण्याचा पंप सकाळी तेच लावतात आणि जिन्यात वही ठेवली आहे. बायका चेष्टा करतात, "काका, पाणी चढतंय का लिवताय?" ते हसतात. त्यांची नजर अधू झाली आहे; अक्षर आता मोठं येतं, ओळ वर चढते. मी महिन्यातून दोनदा जातो. पंपाची वही मी वाचून दाखवतो, ते डोळे मिटून ऐकतात. त्या पानाचा विषय ते काढत नाहीत, आणि मी काढलेला त्यांना चालत नाही. मी हे लिहितोय हेही त्यांना ठाऊक नाही. कळलं तर रागावतील.

रागावू देत. जे दिसलं तेवढंच लिहायचं हा त्यांचा नियम, आणि मी तेवढंच लिहिलं आहे. एवढं मात्र मला दिसलेलं नाही, म्हणून विचारतो. अध्यक्ष, तुम्ही माझ्याशी हात मिळवलात तेव्हा ते पान रजिस्टरात होतं की नव्हतं? आणि कार्यकारिणीवरचे पुतणे, तुम्ही स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून खाली सही केलीत आणि त्या माणसाच्या पाया पडलात. पान तुम्ही फाडलंत, की तुमच्या अध्यक्ष-काकांनी? ज्या व्हरांड्यात त्या मुली उभ्या होत्या तिथे उभं राहून, त्यांच्यासमोर, त्या माणसाचं नाव घेऊन सांगा. माझ्याकडे येऊ नका, मी आता कुठलाही सौदा करणार नाही. ते अजून आहेत. त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू येतंय तोवर उत्तर द्या: कुणी फाडलं?